ड्रायव्हर आणि कांदे-बटाटे

डोंबिवलीच्या विनीत खांबेटेशी जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल बोलणं म्हणजे भांडण विकत घेणं. मोठ्या व्हॉल्व्हचं कौतुक ऐकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "मागून जोर देणारा छोटा व्हॉल्व्ह, तो ड्रायव्हरच मरतुकडा, तर हे काय दिवे लावणार?" कान खोटं बोलतात, म्हणून स्पीकरच्या जागी मुका रेझिस्टर जोडून तो नुसता मीटर बघत बसे.

एकदा टिटवाळ्याचा मित्र संदेश वैतागला. "अक्कल पाजळणं पुरे रे. एक गाणं ऐकव!"

"ऐकच!" विनीत तावातावाने स्पीकर शोधू लागला.

"स्पीकरच्या खोक्यांत कांदे-बटाटे आहेत," त्याची बायको रसिका स्वयंपाकघरातून म्हणाली. "आतलं सगळं दिवाळीतच भंगारात दिलं, तुझ्यासमोर. तू मीटर बघत होतास."