बे एके बे, दोन लॅपटॉप आणि प्रशांतच्या आत्या

प्रशांतशी माझं भांडण आठ महिने चाललं होतं आणि मी त्याला एकदाही पाहिलेलं नव्हतं. ओळख झाली ती इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर. मी पुण्यात प्रोग्रॅमर, रविवारपुरती गाणारी. तो कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. दोघांनीही हौसेखातर आपापलं लूपिंगचं सॉफ्टवेअर लिहिलेलं. म्हणजे तुम्ही माइकवर एक ओळ म्हणायची, लॅपटॉप ती तिथल्या तिथे पकडून पुन्हा पुन्हा वाजवतो, आणि तिच्यावर तुम्ही दुसरी, तिसरी ओळ चढवत जायची. एकटा माणूस स्वतःचाच कोरस होतो.

भांडण होतं ते हे करायचं कसं यावर. माझ्या प्रोग्रॅममध्ये आधी लय सांगावी लागते: मिनिटाला नव्वद ठोके, आठ ठोक्यांचं आवर्तन. तुम्ही जरा मागेपुढे झालात तरी तो तुम्हाला चौकटीत बसवतो. प्रशांतच्या प्रोग्रॅमला चौकटच नाही. पायाखाली पेडल, एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की तेवढा तुकडा लूप होऊन फिरू लागतो. म्हणाल तेवढी लांबी. मी लिहायचे, "हा गोंधळ आहे." तो लिहायचा, "तुझं सरकारी ऑफिस आहे, आधी फॉर्म भरा."

मग एक दिवस त्याची मेल आली. त्याच्या आत्या शिक्षिका, आता रिटायर होत होत्या. शाळेतल्या निरोप समारंभात त्यांना या मशीनवर काहीतरी म्हणायचं होतं. प्रशांतने हो म्हणून टाकलं होतं, पण त्याच्या जुन्या लॅपटॉपला तीन थरांच्या पुढे झेपत नव्हतं. तालाचे थर सांभाळायला दुसरा लॅपटॉप हवा. येशील का?

शनिवारी सकाळी सहाला स्वारगेटहून निमआराम गाडी पकडली. तिकीट दीडशेच्या आसपास, रस्ता आता चौपदरी, त्यामुळे पाचेक तासांत पोचता येतं. उजवीकडची खिडकी घ्या, सकाळच्या उन्हाचा त्रास नको असेल तर. कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि वाऱ्याला गुळाचा वास येऊ लागतो. मांडीवर लॅपटॉप, पिशवीत केबलींचा गुंता, आणि मी उगाचच हसत होते.

स्टँडवर रिक्षावाल्याला शिवाजी पेठ सांगितलं तर तो म्हणाला, "पावणं, आज मॅच हाय. पेठेत रिक्षा जायची न्हाय, कोपऱ्यावर सोडतो." कोपऱ्यापासून चालत गेले. दोन तालमींच्या मधल्या बोळात फुटबॉलवाल्यांचे झेंडे, आणि त्यांच्या खाली मला शोधत उभा असलेला उंच, चष्मिष्ट प्रशांत.

घरी त्याच्या वडिलांनी जयभीम घातला, आईने पाण्याआधी ताट पुढे केलं. तांबडा, पांढरा, आणि "लाजू नको की!" असा दम. हॉटेलातला तांबडा खाऊन तिखटाचा अंदाज बांधू नका. घरचा जास्त चवदार असतो आणि कमी जाळतो.

आत्या जेवण झाल्यावर आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. "हीच का ती भांडखोर? मी बसतो हिच्याशेजारी." (कोल्हापूरच्या बायका 'येतो, बसतो'च म्हणतात, दोन दिवसांत माझीही जीभ वळली.) काय गाणार, विचारलं, तर म्हणाल्या, "गाणं कशाला? पाढं म्हणनार. आयुष्यभर त्येच शिकवलं."

दुपारी लाईट होती तेवढ्यात आम्ही तालीम केली, आणि सगळं फसलं. दोन्ही लॅपटॉप एकाच लयीवर एकदम सुरू केले, तर दहा मिनिटांत माझ्या लॅपटॉपमधल्या तालाच्या टाळ्या आणि त्याच्या लॅपटॉपमधला आत्यांचा आवाज वेगळे ऐकू यायला लागले. दोन घड्याळं कितीही सारखी लावली तरी एक जरा पुढे पळतंच. म्हणून केबल जोडली: माझा पुढे, त्याचा मागे. त्याचा प्रोग्रॅम माझ्या ठोक्यांच्या मागे जायला आवाज ताणू लागला, आणि आत्या सर्दी झाल्यासारख्या ऐकू आल्या. उलट केलं, तर माझा प्रोग्रॅम पुढचं आवर्तन सुरू होईपर्यंत थांबायचा आणि दरवेळी उशिरा यायचा.

"लय आधी ठरवली असती तर..." मी म्हणाले.

"माणूस आधी लय सांगून बोलतो काय?" प्रशांत चिडला.

आत्यांनी माइक खाली ठेवला. "तुमच्या दोघांचं मिटंना, मग मी कुनाच्या मागनं म्हणू? उद्या सगळी शाळा बसणार हाय समोर. न्हाय जमत तर न्हाय म्हणा, मी तोंडी म्हनतो."

त्या रागावल्या नव्हत्या. हिरमुसल्या होत्या. ते जास्त लागलं.

रविवारी सकाळी प्रशांत मला गवळ्यांच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेला. पितळी पेल्यात फेस, ओठावर मिशी. तिथेच मी विचारलं, "आत्यांनी पेडल दाबून पहिला लूप पुरा केला की तुझा प्रोग्रॅम मला त्याची लांबी पाठवेल का?"

"पाठवेल की. दोन ओळींचं काम."

"मग मी त्या लांबीचे आठ भाग करते. लय मी ठरवणारच नाही."

त्याने दुधाचा पेला माझ्या पेल्यावर आपटला. अकराला लोडशेडिंग, त्यामुळे बॅटरी संपेपर्यंत दोघं शेजारी बसून टाइप करत होतो. आठ महिने जपलेला नव्वदचा आकडा मी स्वतः पुसला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी पाचला शाळेचं सभागृह गच्च भरलं. आत्यांचे जुने विद्यार्थी: डॉक्टर, टेम्पोवाले, एक पोलीस, कडेवर मुलं घेतलेल्या बायका. आत्या पेडलवर पाय ठेवून उभ्या राहिल्या. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. पाय दाबला. त्यांचा आवाज फिरू लागला आणि त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपमधून टाळ्या आल्या, अगदी त्यांच्या पावलाला पाऊल लावून. त्यांनी वर तीनचा पाढा चढवला. मग पाचचा. तीन आत्या एकदम म्हणत होत्या आणि चौथ्या, खऱ्या, हसत होत्या.

मग सभागृह सुरू झालं. पाढे म्हणताना वर्ग पळतोच, आणि हे तर मोठे झालेले वर्ग. लोक मशीनच्या पुढे गेले. आत्यांनी पायाने सगळं बंद केलं.

"थांबा रं! गाडी सुटली व्हय तुमची?"

खूप हशा झाला. मग त्यांनी लोकांच्याच वेगात नवा लूप धरला, पेडल दाबलं, आणि दोन्ही लॅपटॉप निमूट त्या वेगाने निघाले. प्रशांतने टेबलाखालून माझा हात घट्ट दाबला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ओरडून पाढे म्हणत होते.

सोमवारी सकाळच्या गाडीने परतले. आता पुण्यात आहे, कपड्यांना अजून गुळाचा वास आहे. जायचं असेल तर शनिवार-रविवार धरा, विजेचं वेळापत्रक आधी विचारा, आणि कुणाच्या तरी घरी जेवायची सोय बघा. केबली जास्तीच्या न्या.

काल प्रशांतने कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. तेराच्या पाढ्यापर्यंत येता येता सभागृहाचा आवाज विरळ होत जातो, उरतात आत्या आणि थोडे धीट लोक. तिथे एक बाई माइकच्या अगदी जवळून ठणकावून म्हणते, "तेरा साते सत्त्याण्णव!" ती मी आहे. आणि लगेच, लय जराही न चुकवता, आत्या: "एक्क्याण्णव, पोरी, एक्क्याण्णव. आनि एकदा म्हण."

प्रशांतने विचारलं, तेवढं कापून टाकू का? मी म्हणाले, हात लावशील तर बघ.