तिसऱ्या मजल्यावरची शारदाबाई

कोळवणच्या रस्त्याला ओढ्याच्या अलीकडं आमची वाडी आणि पलीकडच्या टेपाडावर म्हाताऱ्यांचं नगर. कंपनीनं त्याला कायतरी झुळझुळीत नाव दिलंय, पण ते वाडीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पंचावन्नच्या वरच्यांनीच तिथं फ्लॅट घ्यायचा. सकाळी योगा, दुपारी कॅरम, डॉक्टर खालीच बसलेला. चार इमारती, नव्वद घरं. माणसं मात्र वीस-बावीस घरांत, बाकीच्यांना कुलपं.

शनिवार-रविवारी बावधनहून, कोथरूडहून गाड्या यायच्या. नवरा-बायको उतरायची, पोहायचा तलाव बघायची, मग मान वर करून गॅलऱ्या बघायची आणि गप्प व्हायची. रिकाम्या गॅलऱ्यांखाली कुणाला म्हातारपण काढावंसं वाटंल? विक्रीवर कौस्तुभ नावाचा पुण्याचा पोरगा होता, चलाख. त्यानं तोड काढली. वाडीतली चार म्हातारी माणसं रोजावर लावली, सुट्टीच्या दोन दिवसांपुरती. एकानं बागेत फेऱ्या मारायच्या, दोघांनी कॅरमपुढं बसायचं. आणि गोजराबाईनं तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या गॅलरीत झुलत्या खुर्चीत बसायचं.

"पन करायचं काय?" गोजराबाईनं विचारलं.

"काही नाही, मावशी. राहायचं."

"ऱ्हायाचा रोज देतुयास?"

"राहताय असं दिसण्याचा."

गोजराबाई अडुसष्ट वर्षांची. काळी, काटक, तोंडानं फटकळ. तिला भिवाजीला दुसरेपणावर दिलेली. त्याची पहिली बायको फुलाबाई बाळंतपणात गेली होती. आमच्याकडं दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात, चांदीच्या पत्र्यावर तिचा मुखवटा उठवलेला. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. घास आधी तिला दाखवायचा, मग तोंडात घालायचा. घर तिचं, आपण मागनं आलेलो. भिवाजी मेला, गोजराबाईचं मंगळसूत्र उतरलं, टाक मात्र गळ्यात राहिला. चाळीस वर्षं तिनं फुलाबाईला कधी चुकवलं नाही.

पहिल्या शनिवारी कौस्तुभ म्हणाला, "मावशी, नऊवारी नको. बेडरूमच्या कपाटात साड्या आहेत, त्यातली नेसा."

तिनं जांभळी, बारीक ठिपक्यांची काढली. सवयीनं फुलाबाईच्या टाकाला लावली आणि नेसली. तिला वाटलं, साड्या कंपनीच्या. हितंच चुकलं. जिच्या साड्या होत्या तिला विचारायचं राहिलं आणि मान दिला भलतीलाच.

दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या शनिवारी कँटीनच्या पोरीनं चहा आणला, तर गोजराबाई म्हणाली, "साखर नको." ही बाई चहात गूळ घालून चमचा उभा करणारी. बोलून गेल्यावर तिलाच नवल वाटलं. मग एकदा संध्याकाळी लाइट गेली. तिनं उठून चाचपत जाऊन न्हाणीघराच्या वरच्या फळीवरची मेणबत्ती काढली. ती तिथं असल्याचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिनं ती फळी कधी बघितलीही नव्हती.

समोरच्या फ्लॅटात हैबतराव राहायचे. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले, कानाला मशीन, बायको मागंच गेलेली. एकदा ते व्हरांड्यातून म्हणाले, "काय शारदाबाई, डावा गुडघा काय म्हणतोय?"

म्हातारा चळला असंल म्हणून तिनं मान हलवली. पुढच्या शनिवारी तिचा डावा गुडघा सुजला. जन्मभर डोंगर चढली-उतरली, गुडघा कुठं असतो ते ठाऊक नव्हतं बाईला. आणि त्याच आठवड्यात वाडीच्या नळावर शेजारीण मागनं "गोजरे, अगं गोजरे" करत राहिली, तर ही ढिम्म. हंडा भरून निघाली. शेजारणीनं येऊन पाठीत धपाटा घातला तेव्हा वळली.

त्या रविवारी तिनं हैबतरावांना गाठलंच. "ती शारदाबाई कोन वो?"

"तुम्ही नेसलाय ना, ती साडी जिची आहे, ती."

"म्हंजी?"

"या फ्लॅटची मालकीण. नोकरी संपल्यावर सात ठिकाणी बघून आल्या आणि हे पसंत केलं. गॅलरी टेपनं मोजून घेतली, खुर्ची झुलली पाहिजे म्हणून. सगळ्यांच्या आधी राहायला आल्या, दोन दिवसांनी मी. अकरा दिवस राहिल्या, बाराव्या दिवशी अँब्युलन्समधून पुण्याला नेलं. तिथंच गेल्या." हैबतराव कानाची मशीन चाचपत म्हणाले, "तुम्हाला बघून मला वाटलं, आल्या परत. बरं वाटलं. म्हटलं, कशाला विचारा."

गोजराबाई तशीच खाली कौस्तुभकडं गेली. "मेलेल्या बाईच्या घरात बसीवलंस मला. सांगाया जीभ झडली व्हती?"

कौस्तुभ वरमला, पण पोरगा विक्रीतला. म्हणाला, "मावशी, मी आज बोलणारच होतो. शारदाबाईंची मुलगी अमेरिकेत आहे, जान्हवी मॅडम. फ्लॅट विकायला किल्ली त्यांनीच आमच्याकडं दिलेली. आपल्या बागेत कॅमेरा आहे ना, मुलांना तिकडून आईबाप फिरताना दिसावेत म्हणून? त्यात त्यांना तुम्ही दिसलात. आईच्या साडीत, आईच्या खुर्चीत. आधी रागावल्या. मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन. म्हणाल्या, फ्लॅट विकायचा नाही. त्या बाईंना तिथं कायमचं राहू द्या. जेवण, औषधपाणी, सगळं त्या बघतील. फक्त रोज संध्याकाळी सहाला आईची साडी नेसून गॅलरीत दहा मिनिटं उभं राहायचं."

"रोज?"

"रोज. मावशी, लोक आयुष्याची पुंजी घालतात या जागेसाठी. पुढच्या रविवारी सांगा, हो की नाही."

आता गोजराबाईचं घर सांगायचं तर पुढच्या बाजूला लेक अमोल आणि सून दीपाली, आणि मागं तिची एक खोली. भिंती तिनं लिंपलेल्या, चूल तिची. म्हातारपणी तिला एवढीच जागा होती जिथं कुणाला पुसावं लागत नव्हतं. कौस्तुभचा निरोप अमोलच्या मोबाइलवर तिच्या आधी पोचला होता.

"आये, नशीब काढलंस," अमोल म्हणाला. "तुझी खोली मी भाड्यानं देतोय. दोन गवंडी हायेत यूपीचे, रविवारी येत्यात."

"मी व्हय म्हनले का?"

"न्हाई म्हनायला काय झालंय तुला? लिफ्ट हाय, गरम पानी हाय. हितं चुलीपुढं खोकत मरायचंय व्हय?"

तिलाही मोह पडत होता. गरम पाण्यानं गुडघ्याला खरंच बरं वाटायचं. जेवण आयतं होतं. आणि खाली डॉक्टर असणं म्हणजे थट्टा नाही. आठवडाभर ती वामन खोतांच्या खळ्यावर भात झोडायला गेली आणि झोडता झोडता विचार करत राहिली.

रविवारी पावणेसहाला ती कौस्तुभला म्हणाली, "तुज्या मॅडमला फोन लाव. मी सोता बोलनार."

दोघं वर गेली. कौस्तुभनं ड्रॉवरमधली किल्ली आणून दार उघडलं. ती जांभळी साडी नेसून गॅलरीत उभी राहिली. खाली बागेत दिवे लागत होते. फोनवर जान्हवीचा चेहरा आला. चाळिशीची बाई, घरातले कपडे, हातात कॉफीचा मग.

"नमस्कार. तुम्हाला तिथं काही त्रास नाही ना?"

"तरास कसला. समदं हाय."

"मग राहाल ना? मला तुमच्याकडून दुसरं काही नको. इथं सकाळ असते, मी निघताना एकदा बघते, बस." ती थोडी हसली. "मंगळवारी तर मी वेड्यासारखा फोनकडं बघून हात केला. आणि तुम्ही पण केलात. मला माहितीये, तुम्हाला मी दिसत नाही. पण बरं वाटलं."

गोजराबाईनं कौस्तुभकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "मंगळवारी फ्लॅट बंद होता. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये…"

गप्प बसली असती तर जन्माचं घर मिळत होतं. ते तिलाही कळत होतं. ती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती, आणि तिला जाणवलं की आपण कठडा डाव्या हातानं धरलाय, सगळा भार उजव्या पायावर टाकलाय, सवय असल्यासारखा. असं ती कधी उभी राहत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मंगळवारी मी भात झोडत व्हते. अंधार पडस्तवर. ती मी न्हवं."

फोनमधली बाई पुढं वाकली. मग म्हणाली, "केस बांधलेले होते का?"

"मी कुटं बघितलं? तुमी बघितलं."

"बांधलेले होते." जान्हवीनं कॉफीचा मग खाली ठेवला. आवाजात रडणं नव्हतं, हेच गोजराबाईला कसंतरी वाटलं. "मग तर तुम्ही राहाच. ती तिथं एकटी आहे. तुमची सोबत होईल तिला."

"ऐका. मी एका मेलेल्या बाईच्या घरात चाळीस वरसं काढली. पन तवा पयल्या दिसापासनं तिला पुसलं हुतं. तुमच्या आईला मी पुसलं न्हाई. तिची साडी नेसले, तिच्या खुर्चीत बसले, आन ती माझ्या अंगात जागा करतीया. गुडघा तिचा आला. चा तिचा आला. माझ्या नावानं मला कुनी हाक मारली तर ऐकू येत न्हाई. रोजच ऱ्हायले तर वरीसभरात माझं काय ऱ्हायाचं?"

"मी येऊ शकत नाही," जान्हवी म्हणाली. कुणी ये म्हणालेलं नव्हतं.

"मंग बघत ऱ्हावा," गोजराबाई म्हणाली आणि फोन कौस्तुभच्या हातात दिला.

आत जाऊन तिनं साडी सोडली, घडी घातली, कपाटात होती तिथं ठेवली. आपलं लुगडं नेसली. कौस्तुभ दाराबाहेरच उभा होता, आत यायला तयार नव्हता. "मावशी, मग फ्लॅटचं गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"भरलाय म्हन."

ओढा ओलांडून ती घरी आली तर खोलीत दोन गवंडी वळकट्या घेऊन बसलेले आणि दीपालीनं चूल उखडून माती बाहेर टाकलेली. गोजराबाईनं अंगणातले तीन दगड उचलून आत आणले, मांडले, वर तवा ठेवला.

"आत्या, आवो लोक जीव टाकत्यात तसल्या जागंवर," दीपाली म्हणाली.

"टाकत्यात. मंग तितंच ऱ्हात्यात. ह्यांच्या वळकट्या तुझ्या म्होरल्या खोलीत ने."

"अमोलनं पैसं घेतल्यात त्यांच्याकडनं."

"त्यानं घेतल्यात, त्यानं निजवायचं."

गवंड्यांना शब्द कळले नसतील, पण तिची नजर कळली. वळकट्या उचलून ते आपणच पुढं गेले. अमोल आठ दिवस आईशी बोलला नाही. मग बोलायला लागला, कारण भाकरी तिच्याच हातची मऊ होते.

पुढच्या बुधवारी कौस्तुभचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीतला दिवा जळतोय, मावशी तेवढं येऊन बंद करून जाता का. ती म्हणाली, तू कर. त्यानं काही केलं नाही, दुसऱ्या कुणीही केलं नाही. जान्हवीनं फ्लॅट विकला नाही, महिन्याचा खर्च वेळेवर येतो. दिवा रोज सहाला लागतो आणि आमच्या वाडीतून सरळ दिसतो. गाड्या घेऊन येणाऱ्यांना विक्रीची नवी पोरं तो खालूनच दाखवतात, की बघा, राहतात लोक. दोन फ्लॅट त्यावर गेले, असं म्हणतात.

गोजराबाईच्या गुडघ्याची सूज अजून उतरलेली नाही. संध्याकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडायला बसते, ती टेपाडाकडं पाठ करून.