कडुनिंबाला बांधलेला जावई

महालक्ष्म्यांच्या दिवसांत जालन्याजवळच्या राखीव जंगलात मला एका कडुनिंबाला बांधण्यात आलं. बांधणारा आमचाच कुत्रा होता.

रोमिओ हा मुलीनं हौसेनं आणलेला आणि शिकायला पुण्याला जाताना आमच्या गळ्यात टाकलेला लॅब्रॅडॉर. (वजन सिमेंटच्या गोणीएवढं, काळीज चिमणीएवढं.) सणासाठी केदारखेड्याहून माझे सासरे आले होते, म्हणून सकाळी दोघांनाही फिरवायला नेलं. फाटकावर पाटी होती : कुत्रे मोकळे सोडू नयेत. मी लगेच लांबलचक पट्ट्याचं टोक स्वतःच्या कमरेला मागून गच्च बांधलं.

"कमरेला कशापायी?" मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी विचारलं.

"हातातून सुटला तर? इथं लांडोरी पिल्लं घेऊन हिंडतात. जबाबदारी असते, मामा."

जावयाशी वाद घालायचा नाही, हे पथ्य मामा आमच्या लग्नापासून पाळत आलेत.

थोडं आत गेलो, तर झुडपातून एक धिप्पाड रोही, म्हणजे नीलगाईचा नर, बाहेर आला. त्यानं फक्त पाहिलं. रोमिओ भुंकला नाही. तो आधी माझ्यामागे लपला, मग माझ्या पाठीमागच्या कडुनिंबाच्या झाडामागे, मग पुन्हा माझ्या पुढून झाडामागे! अशा गिरक्या घेत त्यानं मला खोडाशी पार आवळलं आणि माझ्या पायांत डोकं खुपसून बसला. रोही कंटाळून निघून गेला. मला ती सोय नव्हती. गाठ माझी पाठ आणि झाड यांच्यामध्ये दडपली होती.

"कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडतो, मंग सुटंल सगळं," मामा म्हणाले.

तेवढ्यात समोरून लांडोर आली, मागं पिल्लांची रांग. रोमिओचे कान उभे राहिले. रोह्यापुढं उंदीर झालेला हा गडी पिल्लांपुढं वाघ होता.

"नको मामा, त्याला मोकळं करायचं नाही. नियम आहे."

"अन् तुमी बांधून पडले त्याचं काय?"

"माणसांबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही."

मामांनी हयातभर पोती उचललेली. त्यांनी रोमिओला कवेत घेतलं आणि झाडाभोवती उलट्या फेऱ्या सुरू केल्या. फिरायला आलेल्या दोन बाया थबकल्या. झाडाला बांधलेला माणूस, त्याच्याभोवती कुत्रा घेऊन फिरणारे धोतरातले म्हातारे.

"काका, कोन्तं व्रत हाय हे?" एकीनं हळूच विचारलं.

"जावयासाठी करून राह्यलो बाई," मामा धापा टाकत म्हणाले. "अक्कल येऊ दे म्हन्तो."

बाईंनी भक्तिभावानं हात जोडले. "मंग माझ्या जावयासाठी बी दोन फेऱ्या घाला."

मी सुटलो तोवर लांडोर पिल्लांसह सुखरूप झाडीत गेली होती. घरी बायकोनं वडिलांना विचारलं, "लई त्रास दिला का, बाबा?"

"कुत्र्यानं बिलकुल न्हाई," मामा म्हणाले.

आता रोमिओला ती फिरवते. पट्टा तिच्या हातात असतो आणि मी मागून मोकळाच चालतो. मला सोडलं तरी मी कुठं जाणार नाही, याची तिला पुरेपूर खात्री आहे.