अप्पाजी हंचाट्यांचा तिसरा खड्डा

चौतीस वर्षांत आपण एकही लॉट बिघडवला नाही, असं अप्पाजी हंचाटे ज्याला त्याला सांगायचे. जुन्या हुबळीच्या टोकाला चंद्रप्रभा डाइंग वर्क्स होता, तिथे ते रंगमास्तर. दाजीबानपेठेतले व्यापारी सूत नि साड्या रंगवायला पाठवत. हौदातलं पाणी नुसतं बघून किती पूड कमी पडली ते अप्पाजी सांगत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हाही त्याची ख्यालीखुशाली न विचारता त्यांनी आधी चौतीस वर्षांचं सांगितलं. त्यांची बायको गोदूबाई अशा वेळी चहा ठेवायला उठायची. चहा उकळेपर्यंत गोष्ट संपते, हे तिला माहीत होतं.

एक्क्याण्णव साली कारखाना बंद पडला. दोन हजार चारमध्ये त्या जागेवर फ्लॅट बांधायचं ठरलं. पण तिथल्या विहिरीचं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं. घेणारे म्हणाले, आधी जमीन साफ करून द्या. स्मृती नावाची धारवाडची तरुण इंजिनियर माणसं घेऊन आली. नकाशात दाखवलेले रंगाच्या गाळाचे दोन खड्डे तिने उपसून काढले. तरी विहीर पिवळीच. शेवटी कुणीतरी म्हणालं, रंगमास्तरांना विचारा की.

अप्पाजी कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले. बदामाच्या झाडाखाली त्यांना खुर्ची दिली. हौद कुठं, बॉयलर कुठं, सगळं त्यांनी बसल्या जागेवरून बोटाने दाखवलं.

"आणि गाळाचे खड्डे?" स्मृतीने विचारलं.

"दोन."

"तिसरा नव्हता?"

"अक्का, चौतीस वर्षं मी इथं..." अप्पाजींनी सुरुवात केली. स्मृतीने सगळं ऐकून घेतलं आणि वहीत 'दोन' लिहिलं.

घरी आल्यावर अप्पाजींना भाकरी गोड लागेना. तिसरा खड्डा होता. एकोणऐंशीच्या लग्नसराईत अठ्ठेचाळीस नायलॉनच्या साड्या डाळिंबी रंगवायच्या होत्या. आपला लॉट कधीच कसा बिघडत नाही, हे एका नव्या कामगाराला सांगण्याच्या भरात अप्पाजींनी रंग पक्का करणारी क्रोमची पूड दोनदा घातली. साड्या निघाल्या वांगी रंगाच्या. त्यांनी त्या बदामाखाली पुरल्या आणि मालकाला सांगितलं, चोरी झाली. पोलीससुद्धा येऊन गेले. पुढे खड्डा आहेच म्हणून क्रोमचा उरलासुरला पिवळा गाळही वर्षानुवर्षं तिथंच जात राहिला.

तीन दिवसांनी ते पुन्हा जागेवर गेले, पाय वळलेच. स्मृतीने कौतुकाने फ्लॅटचा नवा नकाशा दाखवला.

"इथं बदामाखाली वाळू टाकणार, अप्पाजी. लहान मुलांना खेळायला. तुम्ही दोनच म्हणालात, म्हणून इथं खणलं नाही."

अप्पाजी खुर्चीत बसले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"अक्का, तिसरा आहे."

"कुठं?"

"मी बसलोय तिथं."

दुसऱ्या दिवशी जेसीबी लागला. गल्ली लोटली. गोदूबाईही आली, अप्पाजी बीपीची गोळी घरी विसरले होते म्हणून. पहिल्या घासाला पिवळी माती आली, दुसऱ्याला हिरवट. तिसऱ्याला यंत्राच्या दातांना वांगी रंगाचे लांबच लांब पट्टे लोंबले.

"अज्जा, इदु सीरी अल्लेनु?" ड्रायव्हर ओरडला.

"साडीच की रे," अप्पाजी म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. चोरीचंसुद्धा. गल्लीत कुणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष गोदूबाईकडे होतं.

"एकोणऐंशीत मी वांगी साडी मागितली होती," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तो रंग हुबळीत होतच नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून अप्पाजी म्हणाले, "पण बघ की, पंचवीस वर्षं मातीत! रंग जरा तरी उतरलाय?"

"अप्पाजी, तोच तर त्रास आहे," मास्कमधून स्मृती म्हणाली आणि तिने सगळ्यांना मागे हटवलं.

अठरा दिवस ताडपत्री बांधलेले ट्रक ती माती असल्या घाणीच्या ठरलेल्या जागी नेत होते. साड्याही गेल्या. एक तरी उकळून धुऊन देता येईल का, असं गोदूबाईने दोनदा विचारून पाहिलं. दीड वर्ष विहीर उपसत आणि पाणी औषध घालून शुद्ध करत राहिले, तेव्हा कुठे तपासणीत पाणी पास झालं.

पुढे दुसऱ्या जागांवरही स्मृती अप्पाजींना बोलावू लागली. जुने कामगार इंजिनियरला सांगत नसत ते अप्पाजींना सांगत, कारण अप्पाजी आधी स्वतःचं सांगत. रायापूरला एका बंद बॅटरी कारखान्याचा म्हातारा फोरमन छाती पुढे काढून म्हणाला, "माझ्या हातून अ‍ॅसिडचा एक थेंब कधी जमिनीवर पडला नाही."

अप्पाजींनी त्याच्याकडे मायेने पाहिलं, शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि स्मृतीला म्हणाले, "अक्का, दोन चहा सांगा. ह्यांना जरा वेळ लागणार."