डाव्या दाराचा स्पीकर

आमच्या तांड्यात लग्न ठरलेल्या मुलीला दोन गोष्टी यायला हव्यात असं मानत: सगळ्यांच्या आधी उठणं आणि ढावलो म्हणणं. पहिली गोष्ट आम्हाला लहानपणापासूनच येत असे. ढावलो म्हणजे निरोपाच्या वेळी नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडायचं. आईसाठी वेगळा, बापासाठी वेगळा, भावासाठी वेगळा. जाणत्या बायका चाल शिकवतात, शब्द मात्र मुलीनं स्वतःचे जुळवायचे. एरवी जे बोलता आलं नाही ते त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायची मुभा असते. आम्हाला शिकवणाऱ्या काकीनं एक नियम बजावून ठेवला होता. शिकण्यापुरता म्हटला तेवढा म्हटला, बाकी ढावलो घरातून लेक जातानाच म्हणायचा. कुणी म्हण म्हटलं म्हणून तो उगाच तोंडाबाहेर काढायचा नाही, घराला ते चांगलं नसतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं, घरात सगळे तिला बाई म्हणायचे, लग्न कनेरगाव नाक्याकडच्या एका तांड्यात ठरलं, तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. भाऊ सगळ्यांत मोठा, मग ती, मग मी. भावानं बैल विकून एक जुनी पिकअप घेतली होती. शिरड शहापूरच्या आसपासचं सोयाबीन, कापूस आणि बाजाराच्या दिवशी शेळ्या-मेंढ्या तो जवळा बाजारला न्यायचा. त्याचा जीव गाडीवर होता आणि बहिणीवरही, पण गाडीवरचा दिसायचा. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं की हा घराबाहेर. लहानपणी तिच्या पायात काटा मोडला तर काढायला बापू, म्हणजे आमचे वडील, आणि हा पार विहिरीपलीकडं जाऊन उभा.

गाडीच्या दोन्ही दारांत कंपनीनं दिलेला एकेक स्पीकर होता, भाजीच्या वाटीएवढा. उजवा बरा होता. डावा बहिणीच्या बकरीनं फोडला. बकरी आजारी होती, म्हणून बहिणीनं तिला मागं हौद्यात चढवू दिलं नाही, पुढं पायाशी घेऊन बसली. औंढ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बकरीनं शिंग घालून स्पीकरची जाळी आणि आतला कागद दोन्ही फाडून ठेवले. तेव्हापासून टेप लावली की डाव्या दारातून नुसतं भर्र भर्र येई. आई म्हणायची, दारात कोंबडी कोंडलीय. भाऊ चिडायचा. बहिणीला मात्र त्या आवाजाचा उपयोग झाला. गाडी नाल्याच्या वळणावर असतानाच तिला कळायचं, आणि भाऊ दारात उतरेपर्यंत पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. त्या रस्त्यानं इतरही पिकअप जायच्या, पण ती कधी चुकली नाही.

लग्नाआधी कापूस वेचताना ती चाल गुणगुणायची. आईचा आणि बापूचा ढावलो ती काकीला म्हणून दाखवी. भावाचा फक्त मला, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन. आमच्या बोलीतला तो. मराठीत सांगायचं तर साधारण असा: भिया, तुझ्या गाडीचा एक स्पीकर माझ्या बकरीनं फोडला, बरं झालं. आता शंभर गाड्यांत मला तुझी गाडी कळेल. तू मला न्यायला येशील, वळणावर तो फाटका आवाज येईल, आणि मी हातातलं पीठ तसंच ठेवून दारात येईन. तू दुसऱ्या कुणाला पाठवू नको, तूच ये.

“आयकून तो हसंल बघ,” ती म्हणायची. “मंग रडंल. त्याला एकदा रडताना पाहायचं हाय मला.”

लग्नाला थोडेच दिवस उरले असताना भावानं गाडी हिंगोलीला नेली. बहीण आपल्या गाडीतून सासरी जाणार आणि गाडीत कोंबडी भर्र भर्र करणार, हे त्याला सहन होत नव्हतं. बांगड्या घ्यायच्या म्हणून मीही सोबत गेले. दुकानदारानं डाव्या दारातला स्पीकर काढून उन्हात धरला आणि म्हणाला, “भाई, ये तो खतम है. कंपनीवाले में दम रहताच नहीं.” मग दिवसभर काम चाललं. दारांचा पत्रा कापून भोकं मोठी केली आणि त्यांत थाळीएवढे स्पीकर बसवले. सीटच्या मागं आणखी दोन लांबट. ड्रायव्हरच्या सीटखाली लाकडी डब्यात वूफर, त्याच्या बाजूला अँप्लिफायर, आणि बॅटरीपासून ओढून आणलेली जाड लाल वायर. जुनी टेप काढून सीडी लावायचा नवा डबा आला. गाणं सुरू झालं तेव्हा माझ्या हातातल्या नव्या बांगड्या आपोआप किणकिणल्या. भाऊ लहान लेकरासारखा हसला. काढलेले स्पीकर दुकानदारानं पिशवीत घालून दिले, ते आईनं बाजेखाली टाकले. आमच्या घरातून काही फेकलं जात नसे.

“आता तुझा ढावलो वाया गेला,” मी बहिणीला म्हणाले.

“काहून? स्पीकर बदलला, भाऊ तर न्हाई ना बदलला. मी म्हणणार. आयकू तर दे त्याला.”

निरोपाच्या दिवशी ती आईच्या गळ्यात पडली, बापूच्या पडली, दोन्ही ढावलो सगळ्यांनी ऐकले, बायकांनी पदर डोळ्याला लावले. मग भावाची पाळी आली, तर भाऊ जागेवर नव्हता. तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला होता. रीतीप्रमाणं नवरी शेवटी बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोप घेते. आमच्याकडं बैल उरले नव्हते, म्हणून तिला पिकअपच्या हौद्यात चढवलं. तिनं दोन्ही हात वर केले, मग खाली वाकून केबिनच्या टपावर कपाळ टेकलं आणि भावाचा ढावलो सुरू केला. खाली बरोबर त्याची सीट होती. दोघांत फक्त एक पत्रा. तेवढ्यात त्यानं नवा आवाज पूर्ण सोडला.

त्याला वाटलं होतं, बहीण हसत जावी, शहरातल्यासारखी, गाजावाजा करत. हे त्यानंच नंतर सांगितलं. मला वाटतं, त्याच्याच्यानं तिचं रडणं ऐकवणार नव्हतं, एवढंच. वूफरनं हौद्याचा पत्रा थरथरत होता. पोरं नाचायला लागली. मी तिच्या पायाशी उभी होते, तरी मलासुद्धा एक शब्द ऐकू आला नाही. तिचे ओठ मात्र शेवटपर्यंत हलत होते. तिनं एकही ओळ सोडली नाही.

दिवाळीला भाऊ तिला आणायला गेला. मोठ्या आवाजात गाणी लावून गेला, तिच्या तांड्यात शिरला, थेट दारापर्यंत गेला, तरी ती बाहेर आली नाही. सासूनं हाक मारली तेव्हा पिठाचे हात घेऊन आली. म्हणाली, “मला वाटलं कुणाची वरात चालली.” भावानं घरी आल्यावर ही गोष्ट सगळ्यांना हसून सांगितली. सासरी गेल्यापासून बाई बहिरी झाली म्हणून तिला चिडवलं. तीही हसली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या वर्षी पहिल्या बाळंतपणात ती गेली. लेकरूही राहिलं नाही.

भावानं त्यानंतर गाडीत गाणं लावलं नाही. काही महिन्यांनी सगळी सिस्टीम त्याच दुकानात परत देऊन आला. फक्त सीडीचा डबा तेवढा जागेवर राहिला. दोन्ही दारांत मोठी भोकं तशीच होती, पावसात त्यांतून पाणी आत यायचं. आणि तो लोकांना विचारू लागला. आधी आईला, मग काकीला, मग त्या दिवशी हौद्याजवळ उभ्या असलेल्या बायकांना. ती माझ्यासाठी काय म्हणत होती? कुणालाच सांगता येईना. काकी म्हणाली, “भावाचा तिनं मला दाखवलाच न्हाई रे.” शेवटी माझ्याकडं आला. “तुमी दोघी संगंच राहायच्या. तुला म्हाईत आसंल.”

मी नाही म्हणाले. काकीचा नियम होताच. पण नियम नसता तरी मी सांगितलं नसतं. त्या गाण्यात त्यानं काढून टाकलेला तोच स्पीकर होता, आणि तो तेव्हा जेवत नव्हता, झोपत नव्हता. मला एक गेलेली बहीण पुरे होती.

माझं लग्न त्यानंतर तीन-चार वर्षांनी झालं, कळमनुरीकडं. भाऊ या वेळी गाडीत बसला नाही. आई-बापूचं झाल्यावर स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वाजवणाऱ्यांना त्यानं आधीच थांबवलं होतं. मी त्याच्यासाठी माझे शब्द जुळवून ठेवले होते, चांगले होते. पण त्याच्या गळ्यात पडले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, “भिया, हा माझा न्हाई, बाईचा हाय.”

घरातून लेक जातच होती, नियम मोडत नव्हता. मी सगळा म्हटला. बकरी, फाटका आवाज, वळण, हातातलं पीठ. तो पळाला नाही. दोन्ही हात खाली सोडून उभा राहिला आणि सगळ्या तांड्यासमोर हुंदके देऊन रडला. धाकटीवर एवढी माया होती हे माहीत नव्हतं, असं बायका म्हणाल्या. मी त्यांना तसंच वाटू दिलं. माझे शब्द राहून गेले ते राहूनच गेले.

होळीला तो मला न्यायला आला. मी चुलीपुढं ज्वारीचं पीठ मळत होते. रस्ता जिथं आमच्या शेताकडं वळतो तिथून भर्र असा आवाज आला. मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि मी तशीच उठले. पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिले तेव्हा गाडी अजून दूर होती.

जवळ आल्यावर दिसलं. डाव्या दाराच्या मोठ्या भोकावर त्यानं प्लायचा तुकडा ठोकला होता, आणि मधोमध बाजेखालचा तो वाटीएवढा स्पीकर बसवला होता, फाटका तसाच. कसलंतरी गाणं चालू होतं, शब्द कळत नव्हते. तो खाली उतरला नाही.

“कुठून आयकू आलं?” त्यानं विचारलं.

“वळणावरून.”

त्यानं मान हलवली. “मंग तिलाबी आलं आसतं,” तो म्हणाला.

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. तो तांब्या हातात धरून गाडीतच बसून राहिला. पाणी प्यायला नाही, आणि गाणं बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.