चौथ्या थांब्यावरचा कठडा

गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता फुलवाल्या अक्काला तिच्या ओट्यावरून उठवलं. वारसा कार्यालयाची दोन माणसं आली, टोपली उचलून रस्त्यावर ठेवली आणि ओट्याला लोखंडी कठडा ठोकून गेली. वर पाटी: वारसा वास्तू, बसू नये.

हा ओटा तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या जुन्या गल्लीतल्या एका घराचा. इथे त्याला तिण्णै म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं सावलीत टेकावं म्हणूनच तो बांधलेला. मी शाळेत जायचे तेव्हापासून अक्का तिथे बसून मोगरा गुंफते आणि मला कण्णू, म्हणजे बाळा, म्हणते. घरमालक आमच्यातलेच, मराठी. त्यांची कधी हरकत नव्हती.

आणि हे माझ्यामुळे झालं. या गल्लीत वाटाड्याशिवाय ज्याचं त्यानं फिरावं म्हणून निघालेलं पत्रक मी लिहिलंय. आठ थांबे. चौथ्यावर ठणकावून लिहिलं, ‘हा ओटा वाचवा.’ अक्काबद्दल एक ओळ नाही. रोज दिसणाऱ्या बाईबद्दल काय लिहायचं, असं वाटलं असेल. खरं तर तेवढंही वाटलं नाही.

काल दुपारी वारसा कार्यालयातून चौथ्यांदा हात हलवत परतले आणि त्याच गल्लीनं चालत राहिले. पहिले तीन थांबे कधी गेले, कळलं नाही. चौथ्यावर एक जोडपं माझंच पत्रक धरून ओट्याचा फोटो काढत होतं. समोर गटाराच्या कडेला, डोक्यावर ओलं फडकं घेऊन अक्का बसलेली. टोपलीतला मोगरा पिवळा पडला होता.

"आलीस? आता माझ्यावर पण लिही, कण्णू. जुनी वस्तू म्हण. मला पण कठडा लावतील, मग कुणी उठवणार नाही."

मी तिच्याशेजारी उन्हातच बसले. "साहेब म्हणतो, तुम्हीच लिहिलंत वाचवा. वाचवला."

"बरोबरच आहे की त्याचं," म्हणत तिनं दोरा दातानं तोडला. मग खाली बघत म्हणाली, "हा आठवडा बघते. नाहीतर पापनाशमला लेकीकडे. या उन्हात फुलंही टिकत नाहीत, मीही नाही."

मी थकलेय. एकटीचा अर्ज ते फायलीत घालतात आणि चहा विचारतात. तुम्ही ते पत्रक घेऊन या गल्लीत आलात, तर पाचवा थांबा सोडा. कार्यालय तिथून दहा मिनिटांवर आहे. कठडा काढा, अक्काला बसू द्या, एवढं स्वतःच्या अक्षरात लिहून द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.