कोकराचा कसूर

चार माणसं जमली की म्हणतात, "गुरुजी, शाळेचा एखादा किस्सा सांगा की!" एखादा? अहो, निजामाच्या राज्यात गेवराईजवळच्या खेड्यात मी पोरांना शिकवलं. तिथं रोज डोकं फिरायचं, अन् रोज एक किस्सा साचायचा!

धडे उर्दूत, पोरं मराठी. घडाघडा म्हणायची, कळायचं काडीचंही नाही. म्हणून मी गोष्टींची नाटकं करायला लावली. घोंगडं पांघरलं की अस्वल, कानाला सूप लावलं की हत्ती! हेडमास्तर लालबुंद. "ही शाळा हाय का तमाशा?"

मी म्हटलं, "तमाशा बघणाऱ्याला निदान कळतो तरी!"

*

एकदा पाटलाच्या गणपाला गाढव केलं. संध्याकाळी पाटील काठी घेऊन दारात. "माझं पोरगं गाढव कावून?"

"पाटील, गोष्टीतलं गाढव लई शहाणं आहे."

"असू द्या! शहाणपन दुसऱ्याच्या पोराला द्या. आमचा गणपा वाघच व्हनार!"

तेव्हापासून गोष्ट कोणतीही असो, तिच्यात वाघ आलाच. संताप नुसता!

*

दुसऱ्या एका गोष्टीत राजा मूर्ख होता. हेडमास्तर घामाघूम. "राजा मूर्ख? कुणी वर कळवलं तर?"

चिडून मी राजाला शहाणा केलं अन् प्रजेला मूर्ख. ते मात्र चाललं! पोरं म्हणाली, "गुरुजी, मग आता हसायचं कुनाला?"

*

शेवटी तपासणीला साहेब आले. नाटक ठेवायचं की बंद, फैसला त्यांच्या हातात. त्यांनी लांडगा-कोकराचा धडा काढला. पोरांनी घडाघडा म्हटला.

साहेबांनी विचारलं, "कोकराचा कसूर काय?" पोरांनी पुन्हा तोच धडा घडाघडा म्हटला!

मी म्हटलं, "साहेब, करून दाखवू द्या." साहेब हसले. "दिखाओ!"

साहेबांपुढं वाघ घुसवता येईना, म्हणून गणपा लांडगा. कोकरू झाला सखा. सखा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, म्हणून त्याला बसवायचं बाहेर ओट्यावर. आत घेतच नव्हते! अंगाचा तिळपापड व्हायचा, पण माझं ऐकतं कोण?

उंबऱ्याच्या आतून गणपा गुरकावला, "माझं पानी कावून गढूळ केलं बे?"

सखानं म्हणायचं होतं, "मी तर ओढ्याच्या खालच्या अंगाला हाय." त्यानं शाळेतल्या रांजणाकडं बोट केलं. "म्या कवा शिवलो तुमच्या पान्याला? तुमी शिवू देता व्हय?"

साहेब रांजणाकडं बघत राहिले. हेडमास्तर साहेबांकडं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत नाटक बंद!